दादा, केगच्या झाकणासाठी मनापासून थँक्यू

दादा, त्या दिवशी निघताना नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण इथे मिनेसोटात आपल्यातले अजून दोघं-तिघं घरी बियर करतात, त्यांनाही उपयोग होईल.

तीन आठवडे केगमधून, म्हणजे बियर भरून ठेवायच्या स्टीलच्या पिंपातून, गॅस कुठून जातोय तेच सापडेना, मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो. बियरला फेस आणणाऱ्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड) पाच पाउंडाचा सिलेंडर दहा दिवसांत रिकामा, दुसरा भरून आणला तर तोही गेला. सगळे सांगायचे केग ३० पीएसआय प्रेशरला ने आणि साबणाचं पाणी मार, लीक असेल तिथे बुडबुडे येतील, मी मारलं, एक बुडबुडा नाही. मग रेग्युलेटरचा वॉशर बदलला, नळ्या बदलल्या, पोस्टच्या (केगवर नळ्या जोडायच्या तोंडांच्या) ओ-रिंगा बदलल्या, तरी सकाळी प्रेशरचा काटा खालीच.

तुम्ही आलात आणि आधी केग रिकामा करायला लावलात. बियर भरलेली असली की ती स्वतःच गॅस पिते, गार होत जाते तशी अजून पिते, म्हणजे काटा पडला तरी लीक आहे की नाही कळतच नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. रिकाम्या केगात नुसता गॅस भरून, सिलेंडर काढून, फ्रिजबाहेर रात्रभर ठेवला. सकाळी १२ चा ३ झाला होता, म्हणजे लीक खरंच होतं.

मग तुम्ही जे केलंत ते मी कधी विसरणार नाही. प्रेशर वाढवायच्या ऐवजी ८ वर आणलंत आणि म्हणालात, "अरे, हे झाकण आपल्या हॉकिन्सच्या कुकरसारखं आहे, आतून वर दाबलं जातं, ३० ला ते घट्टच बसणार, कमी प्रेशरला बघ." आणि झाकणाच्या एका बाजूला बारीक फेस यायला लागला! रोज १०-१२ वर बियर ओतायची आणि तपासायचं मात्र ३० वर, सापडणार कसं. झाकणाची मोठी रिंग जुनी होऊन कडक झालेली, वर झाकण ओढून धरणाऱ्या क्लॅम्पच्या पायांचे रबरी बूट झिजलेले, त्यामुळे झाकण पुरेसं ओढलं जातच नव्हतं. कुकरची रिंग कडक झाली की आई लगेच ओळखायची, मला इथे सुचलं नाही.

आता जाड मऊ सिलिकॉनची रिंग टाकलीय, फूड ग्रेड ल्यूब (खाण्याच्या वस्तूंना चालणारं वंगण) लावलंय, बूट नवे, आणि भरल्यावर आधी ३० देऊन झाकण बसवतो मग १२ वर आणतो. रात्री सिलेंडरचं वजन करून ठेवलं होतं, सकाळी तेवढंच भरलं, मी बायकोला उठवून दाखवलं.

शुक्रवारची अख्खी संध्याकाळ तुम्ही माझ्या गार गॅरेजमध्ये गुडघ्यावर बसून काढलीत दादा, वहिनी घरी जेवायला थांबल्या होत्या, त्यांनाही थँक्यू. पेल एल बियर शनिवारपर्यंत तयार होईल, दोघंही या. आणि येताना तुमच्या केगची झाकणं घेऊन या, मी रिंगा जास्तीच्या मागवल्यात, तुमच्याही बदलून देतो.