काकू, तुम्ही आधी तारीख पाहिलीत

आदरणीय काकू,
शि. सा. न. वि. वि.

परसातल्या खोलीचं नवं छप्पर परवा बसलं. मिस्त्रीनं मोजपट्टी धरली, मी आकडा वाचला: २.४५ मीटर. तुमची फार आठवण झाली. हे पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवतेय, कारण आमच्यासारखी मराठी घरं इंग्लंडात आणखी असतील.

गणपतीच्या आरतीनंतर तुम्ही चहाला थांबलात, तेव्हा परवानगीशिवाय बांधलेली खोली पाडा असं सांगणारी कौन्सिलची एन्फोर्समेंट नोटीस फ्रीजवर चुंबकाखाली लावलेली होती. बांधणाऱ्यानं सांगितलं होतं, 'परवानगी लागत नाही.' पण कुंपणापासून दोन मीटरच्या आत खोली परवानगीशिवाय अडीच मीटरपेक्षा उंच चालत नाही, आणि आमची २.९ होती. तुम्ही चष्मा लावलात, मजकूर सोडून आधी नोटीस लागू होण्याची तारीख शोधलीत आणि कप खाली ठेवलात. चार दिवस उरले होते. आम्ही तर अधिकाऱ्याला ईमेल पाठवून निर्धास्त बसलो होतो! त्या तारखेच्या आधी अपील पोहोचलं नाही, तर मुदत वाढवायचा अधिकार अपील ऐकणाऱ्या सरकारी संस्थेला, प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटलाही नाही, हे तुमच्याकडून कळलं.

'नोटीस चूक आहे, वेळ आली तर कोर्टात सांगू,' असं हे म्हणाले. तुम्ही १९९० च्या नगररचना कायद्याचं (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट) कलम २८५ समजावलंत: जे मुद्दे अपिलात मांडता येतात, ते पुढे खटल्यात बचाव म्हणून काढता येत नाहीत. हायकोर्टात जाता येतं ते अपिलाच्या निकालानंतर, तेही फक्त कायद्याच्या प्रश्नावर आणि कोर्टाची परवानगी घेऊन.

मग त्याच कायद्याच्या कलम १७४ मधले अपिलाचे 'ए' ते 'जी' असे सात मुद्दे तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर एकेक करून तपासलेत. परवानगी मिळायला हवी, हा 'ए' आम्ही स्वतःच गमावला होता. बांधून झाल्यावर घाईनं अर्ज केला, तो नाकारला गेला आणि त्यानंतर नोटीस आली, की इंग्लंडात ती वाट बंद होते. शेजारी म्हणाले, खोली जुनी आहे असं लिहून देतो, म्हणजे कारवाई टळेल. तुम्ही इतक्या ठामपणे नाही म्हणालात की मी दचकले. सरेमध्ये गवताच्या गठ्ठ्यांआड लपवलेला किल्ला शेवटी २०१६ साली पाडावा लागला, ते तुम्ही सांगितलंत. शिवाय चार वर्षं जुन्या बांधकामावर कौन्सिलला कारवाई करता येत नसे, ती सवलत जाऊन २५ एप्रिल २०२४ पासून दहा वर्षं झाली आहेत, आणि आमची खोली त्या जूनमधली.

उरले 'एफ' आणि 'जी'. अख्खी खोली पाडायला सांगणं गरजेपेक्षा जास्त आहे, उंची कमी केली तरी नियम पाळला जातो. आणि नोटिशीत दिलेले तीन महिने अपुरे आहेत. एवढंच लिहायला लावलंत, एक वाक्य जास्त नाही. 'जिंकाल असं म्हणत नाही,' हेही तोंडावर सांगितलंत. त्या वेळी मनाला लागलं. पण खोटा धीर दिला असतात, तर मी नको ते मुद्दे घालून कागद बिघडवला असता.

अपील चालू होतं तोवर नोटीस थांबलेली होती. इन्स्पेक्टर आले, मोजून गेले. निकालात पाडण्याच्या जागी उंची कमी करा असं आलं, मुदत सहा महिने. पाकीट फोडलं तेव्हा आई देवापुढे बसली होती. तिनं आधी तुमचं नाव घेतलं.

तुम्ही पैशांचा विषयही काढू दिला नाहीत. रविवारी जेवायला या, पुरणपोळी करतेय. आईची पेटी त्या खोलीत परत गेली आहे, पण तुम्ही आल्याशिवाय ती उघडणार नाही म्हणते.

तुमची कृतज्ञ,
पलीकडच्या गल्लीतली सूनबाई