साकामोतोच्या डबल ॲक्सेलचे मोल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या फेब्रुवारीत मिलान-कोर्तिना येथे होणाऱ्या हिवाळी ऑलिम्पिकची पूर्वतयारी सांगणारा मजकूर गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर वाचला. फिगर स्केटिंगला मराठी वृत्तपत्रात दोन रकाने मिळाले, याचा आनंद आधी नोंदवतो. परंतु त्यातील जपानी महिलांविषयीचे एकमेव वाक्य मला खटकले. हवेत चार गिरक्या घेणारी माओ शिमादा वयाच्या अटीमुळे अपात्र असल्याने जपानच्या सुवर्णपदकाच्या आशा मावळल्या आहेत, असा त्या वाक्याचा आशय होता. शिमादा अपात्र आहे हे खरे. तिच्यावाचून जपानच्या आशा मावळल्या हा निष्कर्ष मात्र या खेळाच्या गुणपद्धतीकडे आणि जपानच्या इतिहासाकडे पाहता टिकत नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

नोकरीनिमित्त २००४ ते २००८ या काळात माझे वास्तव्य नागोया शहरात होते. तेथील ओसू भागात, कान्नोनच्या देवळाजवळ, जुन्या बाजारपेठेला खेटून एक रिंक आहे. मिदोरी इतो आणि माओ आसादा या नामवंत जपानी स्केटरांमुळे तिचे नाव झाले. रविवारी आम्ही काही भारतीय सहकारी भाड्याचे बूट घालून कठड्याला धरून तेथे फिरत असू. आमच्यासारख्यांची रहाटगाडगी कडेने चालू असताना मधल्या मोकळ्या जागेत आठ-नऊ वर्षांच्या मुली एकच उडी पुन्हा पुन्हा मारत असत. पडत, काळ्या तुमानीवरचा बर्फाचा भुगा हाताने झटकत आणि पुन्हा त्याच जागी जात. मला कुतूहल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचे. उड्यांचा सराव संपला की त्याच मुली बराच वेळ नुसत्या एका पायावर, पात्याच्या एका धारेवर, मोठाले अर्धवर्तुळ काढत राहत. चांगल्या मुलीच्या पात्याचा आवाज कापड फाडल्यासारखा सलग येई, नवख्या मुलीचा खरखरत येई. डोळे मिटूनही कोण शिकलेली आहे ते कळे.

त्याच काळात, २००५ सालच्या डिसेंबरात, पंधरा वर्षांची माओ आसादा ग्रां प्री या दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेची अंतिम फेरी जिंकली. ऑलिम्पिकला जेमतेम दोन महिने उरले होते आणि वयाच्या अटीत ती तीन महिन्यांहूनही कमी अंतराने बसत नव्हती. तेव्हाही 'आता जपानचे काय' अशीच चर्चा आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत रंगली होती. इटलीतील तूरिनच्या त्या ऑलिम्पिकमध्ये झाले ते असे. चोवीस वर्षांची शिझुका अराकावा शॉर्ट प्रोग्रामनंतर, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीनंतर, तिसरी होती. पहिल्या क्रमांकापासूनचे अंतर पाऊण गुणाहूनही कमी होते. फ्री स्केट या दुसऱ्या, मोठ्या फेरीत तिने ठरवलेल्या अवघड जोडउडीतील दुसरी उडी ऐनवेळी सोपी केली, मोठी चूक न करता चार मिनिटे पूर्ण केली, आणि पुढे असलेल्या दोघी पडल्या. जपानला त्या संपूर्ण ऑलिम्पिकमध्ये मिळालेले ते एकमेव पदक होते. पाठीची कमान करून रिंकभर सरकत जाण्याची तिची जी मुद्रा आजही जपानी लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, तिला गुणपद्धतीत स्वतंत्र गुणच नव्हते.

वीस वर्षांनी पुन्हा इटली आहे, पुन्हा माओ नावाचीच मुलगी वयाच्या रेषेपलीकडे उभी आहे (शिमादाचे नाव आसादावरूनच ठेवलेले आहे), आणि पुन्हा पंचविशीतल्या एका स्केटरवर, काओरी साकामोतोवर, जपानची भिस्त आहे. योगायोगावर अंदाज बांधू नयेत हे मला मान्य आहे. म्हणून आता आकड्यांकडे वळतो.

वरिष्ठ गटात सध्याच्या नियमांनुसार ट्रिपल ॲक्सेल या साडेतीन गिरक्यांच्या उडीचे मूळ मूल्य ८.०० आहे आणि अडीच गिरक्यांच्या डबल ॲक्सेलचे ३.३०. परीक्षक प्रत्येक उडीच्या दर्जाला उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात आणि प्रत्येक पायरीला मूळ मूल्याच्या दहा टक्के गुण वाढतात किंवा कमी होतात. ट्रिपल ॲक्सेल मारून पडलेल्या स्केटरचे निम्मे मूल्य जाते, वर पडण्याचा एक गुण कापला जातो. हाती राहतात ३.००. काओरी साकामोतोची डबल ॲक्सेल, जी तिच्या वेगामुळे रिंकच्या कठड्याला समांतर एखादी लांब उडी मारावी तशी जाते, अधिक चार श्रेणी मिळवून ४.६२ गुण आणते. म्हणजे फसलेल्या अवघड उडीपेक्षा उत्तम सोपी उडी भारी पडते. अवघड उडी साधली तर अर्थातच पारडे उलटे फिरते, आणि ते कोणीही नाकारत नाही.

पण उड्या हा गुणपत्रिकेचा एक भाग झाला. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य या तीन घटकांना दहापैकी गुण देऊन ते शॉर्ट प्रोग्राममध्ये १.३३ ने आणि फ्री स्केटमध्ये २.६७ ने गुणले जातात. या तिन्ही घटकांत एखादीला दुसरीपेक्षा पाऊण गुण अधिक मिळत गेला, तर दोन्ही फेऱ्या मिळून ९ गुणांचे अंतर पडते. एका ट्रिपल ॲक्सेलच्या मूळ मूल्याहून हे अधिक आहे. द्रुत तानांच्या आतषबाजीवर टाळ्या पडतात, पण मैफल ठरते ती गवयाचा षड्ज कसा लागला यावर. साकामोतोचा षड्ज लागलेला असतो. ओसूच्या त्या मुली तासन् तास काढत असलेली अर्धवर्तुळे गुणपत्रिकेत शेवटी येथे जमा होतात.

या वर्षीच्या मार्चमध्ये बॉस्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेचा निकालही तेच सांगतो. अमेरिकेची अलिसा लिऊ २२२.९७ गुणांनी पहिली, साकामोतो २१७.९८ गुणांनी दुसरी आणि मोने चिबा २१५.२४ गुणांनी तिसरी आली. तिघींपैकी कोणीही ट्रिपल ॲक्सेलच्या किंवा चौपट (चार गिरक्यांच्या) उडीच्या बळावर पदक मिळवलेले नाही. ट्रिपल ॲक्सेल जिच्या हातचा मळ समजली जाते ती अँबर ग्लेन शॉर्ट प्रोग्राममध्ये त्याच उडीवर पडली आणि अखेर पाचवी राहिली. लिऊची कथा तर याहून बोलकी आहे. बालवयात अवघडात अवघड उड्या मारणाऱ्या या मुलीने सोळाव्या वर्षी खेळ सोडला, दोन वर्षांनी परत आली आणि त्या उड्यांशिवाय जगज्जेती झाली.

साकामोतोचे कच्चे दुवे मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे तिने मिळवली. १९६६ ते १९६८ मधील पेगी फ्लेमिंगनंतर महिलांत हे कोणालाच साधले नव्हते. तरीही सैतामा येथे २०२३ साली फ्री स्केटमधील तिची फ्लिप नावाची उडी ठरलेल्या गिरक्या होण्याआधीच मिटली आणि थोडक्यात सुटका झाली. २०२४ साली माँट्रियल येथे शॉर्ट प्रोग्रामनंतर ती चौथी होती, बॉस्टनला पाचवी. दोनदा मागून येऊन तिने पदक मिळवले, पण ऑलिम्पिकसारख्या स्पर्धेत ही सवय परवडणारी नाही. दुसरा दोष लुट्झ उडीचा. ही उडी पात्याच्या बाहेरच्या धारेवरून घ्यायची असते. साकामोतोचे पाऊल शेवटच्या क्षणी आत झुकते आणि तांत्रिक मंडळ त्यावर वारंवार खूण करते. येता मोसम आपला अखेरचा असेल, असे तिने जूनमध्ये जाहीर केले आहे. लहानपणापासून तिला घडवणाऱ्या सोनोको नाकानो यांच्याच हाताखाली कोबे शहरात ती आजही सराव करते. इतक्या वर्षांत न सुटलेली पावलाची खोड चार महिन्यांत सुटेल असे मला वाटत नाही. शॉर्ट प्रोग्राम मात्र सुधारू शकतो, आणि माझ्या मते तिचे सुवर्ण त्या दोन मिनिटे चाळीस सेकंदांवर अवलंबून आहे.

जपानची खरी ताकद मात्र एकट्या साकामोतोत नाही. गेल्या डिसेंबरात ग्रनोब्ल येथे ग्रां प्री मालिकेच्या अंतिम फेरीत सहा महिला होत्या, त्यांपैकी पाच जपानी. त्यात विजेती ठरली ती उरलेली एक, म्हणजे ग्लेन, ही गोष्ट वेगळी. मिलानला जपानकडून तीनच महिला जाणार. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळवणे भारताच्या संघात जागा मिळवण्याहून अवघड, असे आपल्याकडे एके काळी म्हणत. डिसेंबरात टोकियोत होणाऱ्या जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेला ते आज तंतोतंत लागू पडते. राष्ट्रीय विजेतीची निवड थेट होते, उरलेल्या दोन जागांसाठी मोसमातील एकूण कामगिरी तपासली जाते. जी मुलगी अन्य कोणत्याही देशाकडून डोळे झाकून ऑलिम्पिकला गेली असती, ती टोकियोत एका चुकलेल्या उडीने घरी बसू शकते.

चिबाचे नाव मी जवळजवळ निश्चित मानतो. अराकावा जेथे घडली त्या सेंदाई शहरातच तिने सुरुवात केली. ती रिंक २००४ साली बंद पडली होती आणि अराकावाच्या सुवर्णपदकानंतर, २००७ साली, पुन्हा सुरू झाली. एका पदकाने एक रिंक वाचते आणि त्या रिंकवरून वीस वर्षांनी दुसरी पदकविजेती येते, हे आपल्या क्रीडा खात्यातील कोणी वाचत असेल तर बरे. लहानखुरी, चपळ आणि संगीताच्या नेमक्या मात्रेवर पाऊल टाकणारी चिबा २०२४ साली फोर काँटिनेंट्स ही युरोपबाहेरच्या देशांची स्पर्धा जिंकली. तिच्या उड्यांना उंची कमी असल्याने गिरकी पूर्ण झाली की नाही याची तपासणी तांत्रिक मंडळ पुनःपुन्हा करते, आणि तेथेच तिचे गुण गळतात.

तिसऱ्या जागेची चुरस मला सर्वांत रंजक वाटते. एकीकडे वाकाबा हिगुची आहे. २०१८ साली तिची ऑलिम्पिकची संधी हुकली आणि महिनाभराने जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले, तेही मिलानजवळच्या ज्या बंदिस्त क्रीडागृहात आता ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंग लढती होणार आहेत तेथेच. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०२२ साली तिने दोन्ही फेऱ्यांत ट्रिपल ॲक्सेल यशस्वी केली होती. दुसरीकडे रिंका वातानाबे, हाना योशिदा, रिओन सुमियोशी अशा अवघड उड्यांचा जुगार खेळणाऱ्या मुली आहेत. जुळून आले तर कोणालाही मागे टाकतील, न आले तर दहाव्या येतील.

आणि आमी नाकाई आहे. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी तिचे नावही घेतले नाही. निइगाताच्या या मुलीचा जन्म एप्रिल २००८ मधला, शिमादाचा ऑक्टोबर २००८ मधला. १ जुलै २०२५ रोजी सतरा वर्षे पूर्ण हवीत, या नियमाने एकीला आत घेतले आणि दुसरीला दारातून परत पाठवले. मधले अंतर सहा महिन्यांचे. बीजिंगमधील पंधरा वर्षांच्या रशियन स्केटर कामिला व्हालिएव्हाच्या उत्तेजक द्रव्याच्या दुर्दैवी प्रकरणानंतर वयाची अट पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्यात आली. मी स्वतः त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, शिमादाविषयी कितीही हळहळ वाटली तरी. नाकाईकडे ट्रिपल ॲक्सेल आहे आणि महिलांच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये ती चालते. चौपट उड्यांना त्या फेरीत मुभाच नाही. म्हणजे शिमादाच्या चौपट उडीचा उपयोग एकाच फेरीत झाला असता, नाकाईच्या अस्त्राचा दोन्ही फेऱ्यांत होऊ शकतो. कनिष्ठ गटातून नुकत्याच वर आलेल्या मुलीला परीक्षक सादरीकरणाचे गुण हात आखडूनच देतात, हे खरे. पण येत्या १७ ऑक्टोबरला फ्रान्समधील आंजे येथे सुरू होणाऱ्या पहिल्याच ग्रां प्री स्पर्धेत तिची गाठ साकामोतोशी पडणार आहे आणि तेथे ती कोणाच्याही अपेक्षेपेक्षा वर दिसली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रतिस्पर्ध्यांचे म्हणाल, तर लिऊ आणि ग्लेन यांच्याबरोबर कोरियाची किम चे-यॉन आहे, जिने फेब्रुवारीत हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत साकामोतोला मागे टाकले. रशियाची आदेलिया पेत्रोसियन गेल्याच महिन्यात बीजिंगच्या पात्रता स्पर्धेत पहिली येऊन तटस्थ खेळाडू म्हणून, म्हणजे देशाच्या झेंड्याविना, मिलानला जाण्यास पात्र ठरली. ती चौपट उड्या मारते, पण मोठ्या आंतरराष्ट्रीय परीक्षकांपुढे तिचा कस अजून लागलेला नाही. माझा अंदाज विचाराल तर जपानला महिलांत दोन पदके मिळतील. त्यांत सुवर्ण असेलच असे मी म्हणणार नाही. लिऊचे पारडे आज किंचित जड आहे.

एक विनंती. ग्रां प्रीची अंतिम फेरी यंदा डिसेंबरात माझ्या जुन्या नागोयातच आहे. त्या वेळी निकाल छापताना केवळ एकूण गुण न देता उड्यांचे आणि सादरीकरणाचे गुण वेगवेगळ्या रकान्यांत द्यावेत. माझी नात रोलर स्केटिंग शिकते. 'आजोबा, ही पडली नाही तरी हरली कशी?' हा तिचा प्रश्न त्या दुसऱ्या रकान्यावाचून मला समजावून सांगता येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
पुणे, ६ ऑक्टोबर २०२५