खांद्याच्या ऑपरेशनआधी

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. एमआरआयचा रिपोर्ट वाचला. सुप्रास्पायनेटसचा (हात वर उचलणाऱ्या खांद्यातल्या स्नायूचा) टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पूर्ण फाटलाय, टोक मागे सरकलंय, पण स्नायूत चरबी नाही. ही शेवटची ओळ सोन्यासारखी. स्नायूत चरबी भरली की कितीही घट्ट शिवा, टिकत नाही. तेव्हा 'बघू पुढच्या वर्षी' नको.

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे बोटाच्या नखापेक्षाही लहान अशी तीन-चार भोकं. एकातून 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. आत नीट दिसावं म्हणून सलाईन दाबाने सोडतात, त्याने खांदा भोपळ्यासारखा फुगतो. एक-दोन दिवसांत उतरतो. टेंडन जिथून सुटला ती हाडावरची जागा खरवडतात आणि तिथे अँकर, म्हणजे हाडात रुतणारी छोटी खुंटी, बसवतात. जेमतेम 5 मिलिमीटर जाडीचा, दोरे ओवलेला. ते दोरे टेंडनमधून काढून त्याला हाडावर दाबून बांधायचं.

शिवण उसवते तेव्हा अँकर क्वचितच निघतो. दोराच टेंडन कापत जातो, विरलेल्या धोतराला टाका घातला की शेजारी फाटतं ना, तसा. टेंडन हाडाला धरायला 12 आठवडे तरी लागतात. म्हणून साधारण 6 आठवडे हात गळ्यात अडकवायचा पट्टा, झोपतानाही. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलव. दुखणं टेंडन धरायच्या आधीच कमी होतं, हीच मोठी फसगत. बरं वाटतंय म्हणून माणूस माळ्यावरचा डबा काढायला हात वर करतो आणि घात होतो. जड उचलणं 6 महिन्यांनी, तेही सर्जनने सांगितल्यावर.

मानेत ब्लॉक, म्हणजे हाताच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, दिला तर हात 12 ते 24 तास लाकडासारखा राहील. पापणी जड झाली, आवाज बसला तर भिऊ नकोस, ब्लॉकबरोबर तेही ओसरतं. दम्याचं भूलतज्ज्ञांना आधीच सांग, त्या बाजूचा श्वासपडदाही काही तास ढिला पडतो. दुखण्याची गोळी ब्लॉक उतरायच्या आधी घे, मध्यरात्री कळ आल्यावर नव्हे.

तंबाखू आजच बंद. साखरही आटोक्यात हवी, नाहीतर खांदा आखडतो.

पुढून बटणांचे दोन ढगळ सदरे काढून ठेव. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आणि पहिले काही दिवस आरामखुर्चीत, पाठीला उशा लावून झोप. आडवं पडलं की जास्त ठणकतं.

तुझा,
मोहन