तोंडात तीळ

लातूर, रविवार

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर तुझ्या रूममेटचं सांगितलंस, सोयरीक मोडल्याचं, गोळ्या चालू असल्याचं. तू हळूच बोलायलीस, पण इकडं माझा फोन स्पीकरवर! मी कणीक मळायले होते आणि समोर मावशी शेंगा फोडत बसलेली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला ठाऊकच आहे. तिचा हात थांबला तसा मी पिठाच्या बोटांनी फोन उचलून आत गेले. नंतर तिनं दोनदा विचारलं, "कुठली ग ती पोरगी?" मी म्हणलं, "सिरियलमधलं सांगायली होती." पटलं नसावं.

तुला रागवायला मला तरी तोंड कुठंय? मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ चं वर्ष आठव. मांजरा धरण कोरडं, टाक्यांजवळ जमावबंदी. (चहाडीला दोघं पुरतात, तिथं बंदी कोण घालणार?) गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. रांगेत शेजारच्या काकू माझ्या मागं, चार-पाच घागरी सोडून. आदल्या दिवशी त्यांच्या गळ्यात नुसती काळी पोत बघून मी विचारलं होतं. पोराच्या क्लासच्या फीसाठी गंठण गहाण टाकलं, म्हणून सांगताना रडल्या बिचाऱ्या. आणि मी ते पुढच्या बाईला सांगितलं. वर "कुणाला बोलू नका" म्हणून बजावलंसुद्धा! गरज काहीच नव्हती. रांग हलत नव्हती, एवढंच.

पाइप सुटायच्या आत एकजण मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "काय ओ, सुटलं का गंठण?" काकूंनी पदर गळ्याशी ओढला आणि माझ्याकडं बघितलं. बाईला निघूनही जाता येईना ग, घरात थेंब नव्हता. नंबर येईस्तोवर तशीच उभी राहिली.

येळवसच्या सणाला त्या अजून भज्जी पाठवतात. दारात पावसापाण्याचं बोलतात, बस.

तुलाही मनावर ओझं होतं, कळतं मला. सांगावंसं वाटलं तर नाव-गाव न घेता सांग, आणि आधी विचार, "आई, स्पीकर बंद आहे का?"

बुधवारी गावाकडचा पोरगा तिकडं यायलाय. त्याच्याकडं धपाटे आणि शेंगाची चटणी देते. चार धपाटे तुझ्या मैत्रिणीसाठी जास्त टाकलेत. का दिले म्हणून तिनं विचारलं तर म्हण, आईच्या हातून पीठ जास्त भिजलं.

तुझी,
आई