अण्णांच्या आवाजामागची किरकिर

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले. रागावशील ते रागाव, पण आज जे ऐकले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. प्रकृती बरी आहे, गुडघा कुरकुरतो तेवढेच.

संगणकाला अखेर बाहेरचे साउंड कार्ड जोडले. आतली साउंड चिप मदरबोर्डावर, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या शेजारीच असते. तिथल्या विजेची खळबळ ध्वनीच्या नाजूक संकेतात मिसळते आणि माउस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर ऐकू येते. तू मात्र हेडफोनलाच दोष देत राहिलास. बाहेरच्या कार्डात आकड्यांचा आवाज होण्याचे काम त्या गजबजाटापासून दूर, वेगळ्या पेटीत होते. यूएसबीच्या तारेतूनही थोडा गोंगाट येऊ शकतो, त्यामुळे ही काही जादू नव्हे. माझ्याकडे तरी पूर्ण शांतता झाली.

मग आपण कॅसेटवरून उतरवलेली अण्णांच्या गाण्याची फाइल लावली, आणि किरकिर होतीच. माउसवरून हात काढला तरी ती दोन कडव्यांच्या मधल्या जागेत वाजे, थांबे, पुन्हा वाजे. म्हणजे ती माझ्या संगणकातून येत नव्हती, कॅसेट संगणकात उतरवून घेतानाच फाइलीत शिरली होती. त्या दुपारी माउस कोणाच्या हातात होता, हे मी सांगायला हवे का? रेकॉर्डिंग चालू असताना आपण संगणकावर पत्ते खेळत नव्हतो, असे तू मंजूसमोर शपथेवर सांगितले होतेस. आता पुरावा खुद्द अण्णांच्या आवाजामागे आहे, आणि माउसची घाई ऐकता तू हरतही होतास.

थट्टा सोडली तरी काळजी उरतेच. ऐकण्यासाठी कितीही चांगले कार्ड लावले, तरी फाइलीत गेलेला दोष ते काढू शकत नाही. उलट तो अधिक स्वच्छ ऐकवते. सॉफ्टवेअरने किरकिर पुसता येईल, पण मी प्रयत्न केला तेव्हा ओळीच्या शेवटी अण्णा श्वास घेतात तोही पुसट झाला, आणि तो श्वास गेला तर मग फाइल ठेवायची कशाला? त्यामुळे मूळ कॅसेटींवरून सगळे पुन्हा उतरवून घ्यावे लागेल, आणि त्या कॅसेटी तुझ्याकडे आहेत. फितीवरील आवाज काळाबरोबर क्षीण होत जातो, फीत दाबून धरणाऱ्या आतल्या पट्टीचा गोंद सुटतो. आणखी थांबण्यात मला धोका दिसतो.

या वेळी प्लेअरच्या लाइन आउटमधून थेट कार्डाच्या लाइन इनमध्ये जोडणी करीन. माइकच्या खाचेत नाही, कारण तिथे मिलिव्होल्टांची अपेक्षा असते आणि मोठा संकेत दिला की आवाज फाटतो. नोंद २४ बिटांत, म्हणजे अधिक बारीक मोजमापाने घेईन, म्हणजे सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या १० डेसिबल खाली ठेवता येईल आणि एखादी तान अचानक चढली तरी फाटणार नाही. तू १९२ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १,९२,००० वेळा आवाज मोजण्याचा हट्ट धरशील, हे ठाऊक आहे. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, ४४.१ किलोहर्ट्झच्या नोंदीत तिच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे त्याच्याही थोडे वरचे मावते, आणि घरगुती कॅसेटीत तर तितकेही नसते. १९२ ने अण्णा अधिक गोड होणार नाहीत, फाइल तेवढी चौपटीहून मोठी होईल. यावर पुन्हा भांडण नको. भांडायचेच असेल तर कॅसेटी घेऊन स्वतः ये.

नव्या कामाबद्दल अभिनंदन. राणीचा निकाल कळला, फार आनंद झाला. सविस्तर पुढच्या पत्रात.

कॅसेटी पाठवण्यापूर्वी ‘एकदा ऐकून पाहू’ म्हणून तुझ्या त्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये कृपा करून घालू नकोस. त्याचा रबरी पट्टा सैल झाला आहे, आणि फीत आत अडकली तर कोणतेही कार्ड काही करू शकणार नाही. स्पीकरच्या चुंबकाजवळही ठेवू नकोस, आणि कोणत्या कॅसेटीवर काय आहे ते वरच्या चिठ्ठीवर तुझ्या नव्हे, वहिनींच्या अक्षरात लिहून पाठव.

तुझा,
अविनाश