वहिनीला त्या दिवशी उपाशी ठेवू नकोस

कोइंबतूर,
१० डिसेंबर २०१९

तीर्थरूप आण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होतंच, तरी मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर आई दोन वाक्यांत "बरं बरं, ठेव आता" म्हणते आणि आण्णा बागेत असतात. हे मला सावकाश सांगायचंय. रात्री जेवणं झाली की दादाला मोठ्यानं वाचायला सांगा, वहिनीलाही शेजारी बसवा. आपल्याकडचे सोनं गाळणारे एक गलाईवाले लग्नासाठी विट्याला निघालेत, त्यांच्याबरोबर पाकीट देते. आत मैसूरपाक आहे आणि कागदी चौकटीचे चार काळे चष्मे आहेत. ते कशासाठी, ते पुढे लिहिते.

२६ तारखेला, गुरुवारी, सूर्यग्रहण आहे हे कॅलेंडरात तुम्ही पाहिलं असेलच. इथं कोइंबतूरला ते कंकणाकृती दिसणार. साडेनवाच्या सुमाराला चंद्र सूर्याच्या बरोबर मध्यावर येईल आणि भोवती उजेडाचं कडं उरेल, तीनेक मिनिटं. चंद्र त्या दिवशी पृथ्वीपासून जरा लांब असल्यामुळे लहान दिसतो, म्हणून सूर्य पुरता झाकला जात नाही. सौदी अरेबियाकडून निघालेला हा पट्टा मंगळूर, कासरगोड, कण्णूर करत आमच्या डोक्यावरून श्रीलंकेकडे जातो. आपलं गाव पट्ट्याच्या बाहेर उत्तरेला आहे, तरी तिथंही सूर्याचा चारपंचमांशाच्या आसपास भाग झाकला जाईल. सकाळी आठ वाजून चार-पाच मिनिटांनी सुरुवात, सव्वानऊ-साडेनवाच्या दरम्यान सगळ्यात जास्त, आणि अकराच्या सुमाराला सुटका.

आई, तुझ्या मार्गशीर्षातल्या व्रताचा पाचवा गुरुवार नेमका त्याच दिवशी येतो. परवा तू विचारत होतीस की उद्यापन १९ ला करायचं की २६ ला, आणि गल्लीतल्या बायकांमध्ये दोन तट पडलेत म्हणून. मी इथल्या आपल्या मराठी बायकांनाही विचारलं, इथंही तेच चाललंय. २६ ला सकाळी पावणेअकरापर्यंत अमावास्या आहे, म्हणजे संध्याकाळी तू घट उतरवून कथा वाचशील तेव्हा मार्गशीर्ष संपून पौष लागलेला असेल. माझ्या मनाला तरी १९ लाच उद्यापन करावं असं वाटतं. सवाष्णी बोलाव, फळं आणि कहाण्यांची पुस्तकं दे, वहिनीची ओटीही त्याच दिवशी भर. पण व्रत तुझं आहे, तू ठरवशील ते बरोबर. त्यात मी पडत नाही.

मी पडणार आहे ते वहिनीच्या बाबतीत.

तिला सातवा लागलाय. परवा ती सहज तुझ्याबद्दल म्हणाली, "आत्यांनी सांगितलंय, आदल्या संध्याकाळपासून काही खायचं नाही, सकाळी पलंगावर सरळ पडून राहायचं, सुरी-विळी हातात घ्यायची नाही, गाठ मारायची नाही, अंग खाजवायचं नाही." तिनं तक्रार केली नाही, हे आधी सांगते. ती तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलेली नाही. मलाच राहवलं नाही, कारण मी त्या खोलीत पडलेली आहे.

२०१० च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, असंच ग्रहण होतं. तेव्हा ते कन्याकुमारी-रामेश्वरला कंकणाकृती दिसलं आणि इथं कोइंबतूरलाही खूप मोठं. मनू पोटात होती, आठवा संपत आला होता. सासूबाईंनी मागच्या खोलीत अंथरूण घालून दिलं, खिडकीला चादर लावली. सकाळपासून पोटात काही नाही, पाणीही नाही. ग्रहण दुपारी तीनच्या पुढे सुटलं. पायाला गोळे येत होते आणि कूस बदलायची भीती वाटत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हाही हाक मारली नाही, कारण हाक मारली तर बाळाला काही होईल असं वाटलं. सासूबाईंना माझा छळ करायचा नव्हता. त्या दाराबाहेर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्याही उपाशी. मला आणि बाळाला जपायचं म्हणूनच त्यांनी ते केलं. तूही वहिनीला जपायचं म्हणूनच सांगते आहेस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच वाटतं की तू माझं ऐकशील.

आई, तुला सगळ्यात मोठी भीती आहे ती ओठ फाटण्याची. आपल्या वरच्या आळीतल्या त्या मुलाचं उदाहरण तू दरवेळी देतेस. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना नीट विचारलं. बाळाचा ओठ आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो, टाळू त्यानंतरच्या काही आठवड्यांत. वहिनीला सातवा आहे. तिच्या बाळाचा ओठ केव्हाच तयार झालाय, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी तोंड-हातपाय सगळं बघून ठीक आहे असं सांगितलंय. आता तिनं कांदा चिरला काय आणि नाही चिरला काय, त्या ओठाला काही होत नाही. ओठ फाटण्यामागे कधी घराण्यातला दोष असतो, कधी पहिल्या महिन्यांतलं अपुरं पोषण किंवा एखादं औषध. सुरुवातीला फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देतात, त्या मुख्यतः बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी. वरच्या आळीतल्या त्या माउलीला गावानं आयुष्यभर "ग्रहणात भाजी चिरलीस" म्हणून बोल लावला. तिचा काहीही दोष नव्हता.

उपाशी राहण्यानं मात्र खरोखर त्रास होतो. सातव्या महिन्यात पंधरा-सोळा तास पोटात अन्न-पाणी नसेल तर साखर उतरते, चक्कर येते, अंगातलं पाणी कमी होऊन पोटात कळाही येऊ शकतात. तुझ्या पंचांगातसुद्धा बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेधात सवलत दिलेली असते. दादाला तो भाग मोठ्यानं वाचायला सांग. मी तर म्हणते, वेध तू पाळ, पण वहिनीला सकाळी साडेसातला गरम भाकरी आणि दूध दे, आणि साडेनवाला भूक लागली तर पुन्हा खाऊ दे. अन्नाला त्या वेळी काही होत नाही. ग्रहणात पृथ्वीवर सावली पडते ती चंद्राची, आणि रोज रात्री आपण सगळे पृथ्वीच्या सावलीत बसूनच जेवतो.

आणखी एक. ग्रहण सुटलं की तू हंडे, कळशी, माठ, सगळं पाणी ओतून देतेस. या उन्हाळ्यात आपल्या खानापूर तालुक्यात टँकरच्या मागं किती पळावं लागलं, आटपाडीकडे जनावरांच्या छावण्या कशा भरल्या होत्या, ते तूच मला फोनवर रडत सांगितलं होतंस. ते पाणी ओतू नकोस गं. तुळशीचं पान टाकून ठेव, तीही रीतच आहे आपली.

आण्णा, आता तुमच्याशी बोलते.

१९८० च्या फेब्रुवारीतल्या ग्रहणाची तुमची आठवण मी लहानपणी किती वेळा ऐकली असेन. कारवार-रायचूरच्या पट्ट्यात खग्रास होतं आणि आपल्याकडे अगदी थोडी कोर उरली होती. दुपारी साडेतीन-चारचा उजेड कसा विचित्र पिवळट पडला, कोंबड्या खुराड्याकडे कशा निघाल्या, गावात एकही दार उघडं नव्हतं. तुम्ही तेव्हा विशीत होता आणि दाराच्या फटीतून अंगणातला उजेड तेवढा पाहिलात. "वर बघायला मिळालं नाही" हे तुम्ही दरवेळी शेवटी म्हणायचात. ती गोष्ट मी मनूला सांगते तेव्हा तिलाही हळहळ वाटते. पंचांगात स्पर्श, मध्य, मोक्ष मिनिटांसकट आधीच छापलेले असतात ते गणितानं. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलंय. तुम्ही हिशोबाची माणसं, तुम्हाला हे जास्त सांगायला नको.

म्हणून हे चष्मे. मनूच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी मागवले, त्यातलेच तुमच्यासाठी घेतले. त्यावर आयएसओ १२३१२-२ असा क्रमांक छापलाय, तो महत्त्वाचा. लावून घरातल्या दिव्याकडे पाहिलं तर जवळजवळ काहीच दिसू नये. काचेवर ओरखडा असेल तर तो चष्मा टाकून द्या. सूर्याकडे पाठ करून चष्मा लावायचा, मग वळून बघायचं, आणि काढतानाही पाठ करूनच काढायचा. थोडं थोडं बघा, एकटक नको.

दुसरं काहीही वापरू नका. एक्स-रेची फिल्म नको, काजळी धरलेली काच नको, गॉगल नको. परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घेऊन त्यात सूर्य बघतात, तेही नको. आमच्या भट्टीवर सोनं वितळताना मुशीत बघायला जी काळी काच वापरतात, ती मनूचे बाबा देऊ का म्हणत होते. तीही सूर्याला पुरत नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, आण्णा. तो भाजला तरी त्या क्षणी काही वाटत नाही आणि काही तासांनी मध्यभागी डाग दिसायला लागतो. तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय. भिंग नवं बसवलं, पडदा मात्र जुनाच आहे आणि तो एकच आहे.

चष्मा लावायचा धीर झाला नाही तरी ग्रहण बघता येईल, आणि तेही वर न बघता. आपल्या गोठ्याच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत ना, ज्यांतून सकाळी जमिनीवर उजेडाचे गोल पडतात? ते प्रत्येक गोल म्हणजे सूर्याचं चित्र असतं. २६ ला नऊच्या पुढे त्या प्रत्येकाची कोर झालेली दिसेल, म्हशीच्या पाठीवरसुद्धा. आईनं पिठाची चाळण उन्हात धरली आणि खाली पांढरा कागद ठेवला तर कागदभर कोरी दिसतील. लिंबाच्या पानांतून अंगणात पडणारे कवडसेही तसेच. वहिनीला खुर्ची टाकून तिथं बसवा. तिनं बघायला काहीच हरकत नाही, चष्मा लावून वर बघितलं तरी हरकत नाही.

त्या सकाळी द्राक्षाच्या विरळणीला बायका येणार नाहीत, हे तुम्ही आधीच गृहीत धरा आणि आदल्या दोन दिवसांत काम उरकून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं, दावण्या रोगानं आणि घडकुजीनं जे नेलं ते नेलं, आता उरलेल्या घडांसाठी जिवाची ओढाताण करू नका. शाळू चांगला आहे म्हणालात, ऐकून बरं वाटलं. धार मात्र नेहमीच्या वेळेलाच काढा, म्हशीला ग्रहण कळत नाही आणि डेअरीचा टेम्पोही थांबणार नाही.

मुसळाचं सांगायचं राहिलं. आई, तू परातीत पाणी घेऊन मुसळ उभं करायचीस आणि ते ग्रहण सुटल्याबरोबर पडायचं, आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. इथं तमिळ घरांमध्येही अगदी तसंच करतात. शेजारच्या आजी आणि मनू यांनी मिळून मागच्या आठवड्यात साध्या मंगळवारी ते उभं करून पाहिलं, आणि ते उभं राहिलं, कारण त्याचा बूड सपाट आहे. आजी खूप वेळ त्याच्याकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, ग्रहणाच्या दिवशी सगळ्या नातवंडांना बोलावून करू. तूही कर. बंद दारामागे नको, अंगणात कर, मुलांना गोळा करून.

पुढच्या वर्षी २१ जूनला पुन्हा कंकणाकृती आहे, पण ते राजस्थान-हरियाणाकडे. आपल्याकडे खंडग्रास, आणि तेव्हा पावसाळी ढग असतील. डिसेंबरचं आभाळ बहुतेक स्वच्छ मिळतं. म्हणून माझी इच्छा आहे की या वेळी आण्णांनी वर बघावं.

२६ ला सकाळी साडेआठला मी व्हिडिओ कॉल करते. तेव्हा वहिनीनं काय खाल्लं, ते मी तिलाच विचारणार आहे. साडेनवाला मनू इथलं कडं दाखवायचा प्रयत्न करेल, तुम्ही गोठ्यातल्या कोरी दाखवा. डोहाळजेवणाची तारीख ठरली की लगेच कळवा, तिकीट आधी काढावं लागतं. हिरवी साडी मी इथूनच आणते, आई, तू घेऊ नकोस.

आण्णा, डोळ्यातले थेंब दिवसातून तीन वेळा. बागेत औषध मारताना डोळ्यांवर साधा गॉगल लावाच, तो तिथं चालतो.

दादाला नमस्कार, वहिनीला आशीर्वाद.

तुमची,
माई

ता. क. चष्मे पाकिटातून काढून देवळीत सपाट ठेवा, घडी पडू देऊ नका. चारांपैकी एक शेजारच्या काकूंच्या नातवाला द्या, त्यानं मनूकडे मागितला होता.