गोळे आले म्हणून नुसते तेल चोळू नका

स्नायूंच्या दुखण्यांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लचक आणि उसण यांविषयी त्यात नेमके लिहिले आहे. पण नागपूरकरांना ज्याची खरी धास्ती हवी, ते उन्हातले दुखणे सुटले. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जात असताना कळमना बाजारात पोती वाहणारे हमाल, किंवा पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी एकाएकी जोरात धावू लागलेली मुले, पोटऱ्यांत गोळे आले की तेल चोळून पुन्हा कामाला लागतात. बहुतेकदा मीठ-साखरेचे पाणी आणि विश्रांतीने ते निभावतेही. परंतु अतिश्रम आणि उष्णतेने स्नायूंच्या पेशी फुटल्या, तर त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अंग विलक्षण दुखत असेल आणि लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे 'ऊन लागलं' म्हणत कैरीचे पन्हे पाजतात. पन्हे उत्तमच, पण या दुखण्याचे ते औषध नव्हे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तर मनाने घेऊच नये. तिने मूत्रपिंडांना आणखी इजा होऊ शकते. पुढील लेखात एवढी एक चौकट जरूर द्यावी.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, मानेवाडा, नागपूर